स्पेनच्या नगरपालिकेत काम कसं करून घ्यायचं

स्पेनमध्ये नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वर्षभरात सगळ्यात जास्त मनस्ताप कुठे होत असेल, तर तो आयुन्तामिएन्तोत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. अपॉइंटमेंट मिळत नाही, खिडकीवर एक जण एक सांगतो आणि दुसरा दुसरं, रस्त्यावरचा दिवा तीन महिने बंद राहतो, आणि जिचं बिल कधी हातात पडलंच नाही त्या घरपट्टीवर दंड लागतो. यातला बराचसा त्रास टळू शकतो. त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी लागते: या व्यवस्थेत तोंडी बोलण्याला काही वजन नाही. तारखेचा आवक शिक्का असलेला कागद एवढीच तिला कळणारी भाषा आहे. कर्मचारी कितीही प्रेमानं "होऊन जाईल" म्हणाला, तरी शिक्का नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं धरून चाला.

आधी दार बरोबर आहे ना ते पाहा

बरेचसे हेलपाटे चुकीच्या कार्यालयात गेल्यामुळे होतात. स्पेनमध्ये 8,100 हून अधिक नगरपालिका, त्यांच्या वर 50 प्रांत, मग 17 स्वायत्त प्रदेश आणि सर्वांत वर केंद्र सरकार अशी उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीचं काम वेगळं.

परदेशी नागरिकाचा क्रमांक एनआयई आणि निवासाचं कार्ड टीआयई यांच्याशी नगरपालिकेचा काही संबंध नाही. ते एक्स्त्रान्हेरिया, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, आणि राष्ट्रीय पोलीस यांच्याकडे होतं. आयकर केंद्राच्या कर खात्याकडे, वाहन परवाना डीजीटी, म्हणजे केंद्राच्या वाहतूक खात्याकडे. आरोग्य कार्ड आणि शाळेतला प्रवेश स्वायत्त प्रदेशाकडे. सरकारी प्राथमिक शाळेच्या इमारतीची देखभाल मात्र नगरपालिकेकडे. म्हणून वर्गातला हीटर बंद असला तर मुख्याध्यापकही नगरपालिकेलाच पत्र लिहितात.

रहिवासी नोंद, कचरा, पाणी, गटार, रस्ते, दिवे, स्थानिक पोलीस, पार्किंगचे दंड, घरदुरुस्तीचे परवाने, घरपट्टी आणि गाडीचा वार्षिक कर ही नगरपालिकेची कामं. पैसे गोळा करण्याचं काम पुष्कळ गावांनी प्रांताच्या संस्थेला दिलेलं असतं: आलिकान्ते प्रांतात सुमा, मालागा प्रांतात पात्रोनातो दे रेकाउदासियोन, बार्सेलोना प्रांतात ओआरजीटी. तुमची पावती अशा संस्थेची असेल, तर बँक खातं जोडणं, हप्ते पाडून घेणं, दंडाबद्दल विचारणं हे सगळं तिथेच करायचं. गावच्या खिडकीवर त्याचं उत्तर मिळणार नाही.

1985 च्या स्थानिक स्वराज्य कायद्यातलं 26 वं कलम लक्षात ठेवा. दिवाबत्ती, स्मशानभूमी, कचरा उचलणं, रस्ते झाडणं, घरपोच पिण्याचं पाणी, गटारं आणि रस्त्यांची फरसबंदी या सेवा प्रत्येक नगरपालिकेनं द्यायलाच हव्यात, मग गाव शंभर वस्तीचं का असेना. लोकसंख्या 5,000 च्या वर गेली की बाग आणि वाचनालय, 20,000 च्या वर अग्निशमन आणि क्रीडा सुविधा, 50,000 च्या वर शहर बस. लहान गावात बस का नाही म्हणून भांडण्यात अर्थ नसतो. पिण्याचं पाणी येत नसेल तर मात्र कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे, कारण त्याच कायद्याचं 18 वं कलम रहिवाशाला सक्तीच्या सेवा मागण्याचा हक्क देतं. पाण्याचं बिल खासगी ठेकेदार कंपनीकडून येतं म्हणून ती जबाबदारी कंपनीवर गेली, असं होत नाही. कंपनीकडे तक्रार करा आणि त्याच तक्रारीची प्रत नगरपालिकेतही दाखल करा.

पाद्रोन: सगळं इथून सुरू होतं

पाद्रोन म्हणजे नगरपालिकेची रहिवासी नोंदवही. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकानं आपण नेहमी राहतो त्या गावात नाव नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आरोग्य कार्ड, शाळा आणि कितीतरी अर्जांसाठी हा दाखला मागतात. व्हिसा कोणता, परवाना संपलाय का, हे पाहण्याचा अधिकार पाद्रोनच्या खिडकीला नाही. तुम्ही खरोखर इथे राहता का, एवढंच तिनं तपासायचं. टीआयई हातात येण्याआधी नुसत्या पासपोर्टवरही नोंद होते.

लागणारे कागद: भरलेला अर्ज, ज्याला ओहा पाद्रोनाल म्हणतात, मूळ पासपोर्ट किंवा टीआयई, आणि घराचा पुरावा. स्वतःचं घर असेल तर खरेदीखत, भाड्याचं असेल तर चालू करारनामा. करारावर तुमचं नाव नसेल, म्हणजे खोली भाड्यानं घेतली असेल किंवा मित्राकडे उतरला असाल, तर करार किंवा मालकी ज्याच्या नावावर आहे त्याचं सही केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत. मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सह्या आणि जन्मदाखला. भारतातला जन्मदाखला परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्तिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, करून घेऊन, स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयानं नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये करावा लागतो. हे काम भारतातून निघण्यापूर्वी केलं तर दोन-तीन महिने वाचतात. इथे आल्यावर घरच्यांना कुरिअरनं कागद पाठवायला लावणं फार जिकिरीचं होतं.

घरमालक "पाद्रोन करायचं नाही" म्हणतो, हे नेहमी घडतं. तुमच्या नावावर करार असेल तर त्याच्या परवानगीची गरज नाही, आणि करारात तशी मनाई लिहिलेली असली तरी नगरपालिका तिच्यामुळे नोंद अडवू शकत नाही. करार, भाडं भरल्याच्या बँकेच्या नोंदी, वीज-पाण्याचं बिल असं जे काही असेल ते न्या. कागद अजिबातच नसेल तर घरी येऊन खात्री करण्याची लेखी विनंती करता येते. स्थानिक पोलीस किंवा नगरपालिकेचा माणूस येऊन पाहून जातो. पैसे घेऊन भलत्याच पत्त्यावर नोंद करून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. एका पत्त्यावर बरीच माणसं दिसली की तपासणी होते, नोंद रद्द होते, आणि तुमच्या सलग वास्तव्याच्या पुराव्याला खिंडार पडतं.

नोंद झाल्यावर कागद दोन प्रकारचे मिळतात. बोलांते हा साधा माहितीचा उतारा, रोजच्या कामांना पुरतो. सेर्तिफिकादो सहीशिक्क्याचा असतो. न्यायालय, दूतावास अशा ठिकाणी तो लागतो. बहुतेक कार्यालयं तीन महिन्यांपेक्षा जुना कागद घेत नाहीत, म्हणून आधीच गठ्ठा काढून ठेवण्यात अर्थ नाही.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक नुकसान होतं ती. युरोपीय संघाबाहेरच्या आणि दीर्घकालीन निवास परवाना नसलेल्या नागरिकाची पाद्रोन नोंद दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. आठवणीचं पत्र येईलच असं नाही. मुदत उलटली की नगरपालिका तुमची बाजू न ऐकता नाव काढून टाकू शकते. नोंद केली त्या दिवसापासून बावीस महिन्यांनी फोनमध्ये गजर लावून ठेवा. पासपोर्टवर नोंद केली असेल तर टीआयई आल्याबरोबर क्रमांक बदलून घ्या आणि नवा पासपोर्ट आला की तोही कळवा. नाहीतर दोन याद्यांत दोन वेगळी माणसं तयार होतात आणि संगणक जुळवाजुळव करू शकत नाही.

मराठी नावाचा घोळ

स्पॅनिश अर्जात नावासाठी तीन रकाने असतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. इथल्या लोकांना आई आणि वडील दोघांचीही आडनावं असतात. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत छापलेलं असतं. खिडकीवरचा माणूस सवयीनं वडिलांचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात टाकतो आणि खरं आडनाव दुसऱ्या. मग पाद्रोनवरचं नाव टीआयईवरच्या नावाशी जुळत नाही, आणि आरोग्य केंद्रापासून ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रापर्यंत सगळीकडे अडतं.

यावर नियम सोपा आहे: टीआयईवर जसं आहे तसंच सगळीकडे. टीआयई यायचं असेल तर पासपोर्टवरच्या दोन ओळी दोन रकान्यांत जशाच्या तशा, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा. ऑनलाइन अर्ज तो रकाना रिकामा सोडू देत नसेल तर मनानं काही भरू नका. तो अर्ज कागदावर करा. खिडकी सोडण्यापूर्वी छापील उतारा तिथेच अक्षर न् अक्षर वाचून घ्या. त्याच वेळी दोन मिनिटांत होणाऱ्या दुरुस्तीला नंतर नवी अपॉइंटमेंट लागते.

अपॉइंटमेंट आणि तिच्याशिवायचे रस्ते

सीता प्रेविया, म्हणजे आगाऊ वेळ, फुकट असते. ती विकणारे लोक आहेत. त्यांना पैसे देऊ नका. मोठ्या शहरात नागरी सेवा केंद्रं अनेक असतात आणि बहुतेक कामांसाठी शहरातलं कुठलंही केंद्र चालतं. तुमच्या भागात दीड महिन्यानंतरची वेळ दिसत असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाचं केंद्र पाहा. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर पुन्हा दिसू लागतात. माद्रिद, बार्सेलोना, वालेन्सिया या शहरांत 010 वर फोन करूनही वेळ मिळते. खिडक्या बहुतेक ठिकाणी सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंतच उघड्या असतात. दुपारनंतर जाऊन उपयोग नाही.

कागद दाखल करायला मात्र नगरपालिकेच्या खिडकीचीच गरज नसते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. 2015 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार (39/2015) एका सरकारी कार्यालयासाठीचा कागद दुसऱ्या सरकारी नोंदणी कार्यालयातही देता येतो. शेजारच्या गावच्या नगरपालिकेत, प्रदेश सरकारच्या किंवा केंद्राच्या कार्यालयात दिला तरी तुमची तारीख पक्की होते. पोस्टातूनही जमतं, पण पद्धत नीट पाळायला हवी: अर्जाच्या दोन प्रती, पाकीट न चिकटवता, खिडकीवर "कोर्रेओ आद्मिनिस्त्रातिवो" असं सांगायचं. पोस्टाचा माणूस अर्जाच्या पहिल्या पानावर तारीख-वेळेचा शिक्का मारतो, मग पाकीट बंद होतं. पाकीट आधीच चिकटवून साध्या रजिस्टर पोस्टानं पाठवलं, तर आत काय होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

ज्यांना इथे वर्षभराहून जास्त राहायचं आहे त्यांनी टीआयई आल्याच्या आठवड्यातच डिजिटल प्रमाणपत्र काढावं, हा आमचा आग्रहाचा सल्ला. एफएनएमटी, म्हणजे सरकारी टांकसाळ, हिच्या संकेतस्थळावर मागणी करायची, ईमेलनं आलेला संकेतांक आणि टीआयई घेऊन कर खात्याच्या किंवा सामाजिक सुरक्षेच्या कार्यालयात ओळख पटवायची, आणि ज्या संगणकावरून मागणी केली त्याच संगणकावर ते उतरवून घ्यायचं. मधल्या काळात संगणक फॉरमॅट केला किंवा ब्राउझर बदलला की सगळं पहिल्यापासून. मिळाल्या मिळाल्या पासवर्डसह त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ते चार वर्षं चालतं. त्यानंतर रात्री अकरा वाजतासुद्धा घरबसल्या शिक्का मिळवता येतो.

अर्ज: दोन शब्द आणि एक शिक्का

कुठल्याही कामाचा साधा अर्ज म्हणजे इन्स्तान्सिया. त्याचे दोन भाग असतात. एस्पोने, म्हणजे घडलेली वस्तुस्थिती, आणि सोलिसिता, म्हणजे नेमकं काय हवं ते. नव्या माणसाचे अर्ज दुसऱ्या भागात फसतात. पहिल्या भागात दोन पानं संताप असतो आणि दुसऱ्या भागात "कृपया लक्ष घालावं". लक्ष घालणं या मागणीवर निर्णय देता येत नाही, म्हणून कागद फाइलला लागतो.

बंद दिव्याचं उदाहरण घ्या. एस्पोनेमध्ये: रस्त्याचं नाव, कोणत्या घरक्रमांकासमोर, खांबावर रंगवलेला क्रमांक असल्यास तो, कोणत्या तारखेपासून बंद, सोबत तारखेसह दोन फोटो. सोलिसितामध्ये: दिवा दुरुस्त करावा, 1985 च्या कायद्याच्या 26 व्या कलमानुसार ही सक्तीची सेवा आहे, आणि घेतलेला निर्णय मला लेखी कळवावा. शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. एका अर्जात एकच विषय ठेवा. दिवा, कचरा आणि शेजाऱ्याचा आवाज एकत्र लिहिले तर तीन खाती तो कागद एकमेकांकडे ढकलत राहतात. स्पॅनिश साधी असली तरी चालते. लहान वाक्यं, तारखा, आकडे. काताल्युन्या, वालेन्सिया, गालिसिया, बास्क प्रदेशात उत्तर तिथल्या भाषेत येऊ शकतं. स्पॅनिशमध्ये हवं असेल तर अर्जातच तसं लिहा.

खिडकीवर दोन प्रती द्या आणि तुमच्या प्रतीवर "सेयो दे एन्त्रादा", म्हणजे आवक शिक्का मागा. त्यावर तारीख आणि आवक क्रमांक हवा.

कागदाचं नावही महत्त्वाचं आहे. सूचना-तक्रार पेटीतला अर्ज केहा, म्हणजे साधी तक्रार, म्हणून नोंदला जातो. त्यावर बहुधा आभाराचं पत्र येतं, कायदेशीर निर्णय येत नाही आणि कुठलीही मुदत सुरू होत नाही. मोबाइल अॅपवर टाकलेला खड्ड्याचा फोटोही तसाच. साध्या खड्ड्यासाठी अॅप जलद आहे, जरूर वापरा. पण दोन आठवड्यांत काही हललं नाही तर त्याच फोटोंसह इन्स्तान्सिया द्या. कुणी नियम मोडत असेल, उदाहरणार्थ खालचा बार रात्री दोनपर्यंत ढणढणत असेल, तर कागदाचं नाव देनुन्सिया, म्हणजे नियमभंगाची तक्रार. अशा वेळी आवाज चालू असतानाच स्थानिक पोलिसांना बोलवायचं, आवाजाची मोजणी करून पंचनामा करायला सांगायचं आणि त्याचा क्रमांक मागून घ्यायचा. तीन-चार वेगवेगळ्या रात्रींचे असे क्रमांक जोडलेला अर्ज, नुसत्या वर्णनाच्या दहा अर्जांपेक्षा जास्त काम करतो.

रस्त्याच्या दोषामुळे पडून हाड मोडलं किंवा गाडीचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. मुदत एक वर्ष. जागेचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो. पोलिसांची नोंद, साक्षीदाराचं नाव आणि दवाखान्याचा कागद लागतो; त्या कागदावर कसं पडलो ते लिहून घ्या. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर ती मागणी फेटाळली असं कायदा मानतो.

उत्तर न येणं हेही उत्तर असतं

स्पॅनिश कायद्यात प्रशासनाच्या मौनाला अर्थ आहे. वेगळी मुदत सांगितलेली नसेल तर अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तोवर उत्तर नाही आलं, तर सर्वसाधारणपणे अर्ज मंजूर झाला असं धरतात. पाद्रोनची नोंद याच वर्गात येते. अपवाद बरेच आहेत: अपिलं, नुकसानभरपाई, सार्वजनिक जागेचा वापर आणि बरेचसे बांधकाम परवाने यांत मौनाचा अर्थ नकार. मंजुरीचं मौन असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. ते पंधरा दिवसांत द्यायचं असतं. नकाराचं मौन असेल तर अपिलाचा रस्ता उघडतो, वाट पाहत बसायचं कारण संपतं.

मुदती मोजताना बहुतेक चुका होतात. "दिवस" म्हटलं की कामाचे दिवस. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून. वर्षाच्या 14 सुट्ट्यांपैकी दोन त्या त्या गावाच्या असतात, म्हणून शेजारच्या गावचं कॅलेंडर चालत नाही. "महिना" मात्र तारखेपासून तारखेपर्यंत: 5 मार्चला निर्णय मिळाला तर अपिलाचा शेवटचा दिवस 5 एप्रिल. ऑगस्टमध्ये कार्यालयं ओस दिसतात, पण नगरपालिकेच्या मुदती ऑगस्टातही चालूच राहतात. न्यायालयाच्या मुदती तेव्हा थांबतात, त्यावरून लोकांची गफलत होते.

कागद अपुरा आहे असं पत्र आलं तर दहा कामाचे दिवस मिळतात. त्यात पूर्तता केली नाही तर अर्ज मागे घेतला असं समजतात आणि तीन महिन्यांचं मौनही तुमच्या कामाला येत नाही. निर्णय चुकीचा वाटला तर रेकुर्सो दे रेपोसिसियोन, म्हणजे फेरविचार अर्ज, एका महिन्यात. त्याला वकील लागत नाही.

टपालपेटीवर नाव लावा

हे क्षुल्लक वाटतं, पण दंड, जप्ती आणि रद्द झालेल्या अर्जांच्या मुळाशी बहुतेकदा हीच पेटी असते. स्पेनमध्ये पोस्टमन पेटीवरचं नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर "अज्ञात" शेरा मारून परत. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं आडनाव पेटीवर लावा, आणि पत्ता देताना मजला आणि दार पूर्ण लिहा. एकाच मजल्यावर डावं, उजवं, पहिलं, दुसरं अशी चार दारं असतात.

सरकारी नोटीस द्यायला माणूस दोनदा येतो. पहिली खेप दुपारी तीनच्या आधी असेल तर दुसरी तीनच्या नंतर, किंवा उलट. दोन्ही वेळा कुणी भेटलं नाही तर पेटीत चिठ्ठी टाकतात आणि पत्र पोस्टात राहतं, ते लगेच घ्या. ते परत गेलं की नोटीस केंद्राच्या राजपत्रात छापतात आणि ती तुम्हाला मिळाली असं मानतात. डिजिटल नोटीस निवडली असेल तर दहा दिवसांत उघडावी लागते, आणि हे दिवस सुट्ट्यांसकट. दर सोमवारी एकदा आत शिरून पाहायची सवय लावा. ईमेलची सूचना ही निव्वळ सोय आहे. ती आली नाही ही सबब चालत नाही.

घरपट्टी, कचरा कर आणि दंडाचा चढता भाग

घरपट्टीला आयबीआय म्हणतात. 1 जानेवारीला घर ज्याच्या नावावर, त्याच्यावर त्या पूर्ण वर्षाची आकारणी. शहरी घरांचा दर घराच्या सरकारी मूल्याच्या साधारणपणे 0.4 ते 1.10 टक्के या मर्यादेत नगरपालिका ठरवते. भरण्याचे महिने प्रत्येक गावात निराळे.

दरवर्षीची ही पावती घरी पाठवण्याचं बंधन नगरपालिकेवर नाही. पहिल्या वर्षानंतर यादी जाहीर लावली जाते आणि तीच सर्वांना सूचना ठरते. म्हणून "बिल आलंच नाही" या सबबीला कायद्यात जागा नाही. मुदत चुकली की आधी 5 टक्के, जप्तीची सूचना आल्यावर 10, आणि त्याही मुदतीत भरलं नाही तर 20 टक्के आणि वर व्याज. पुढे बँक खात्यातून परस्पर रक्कम उचलतात. यावर एकच खात्रीचा उपाय: बँक खातं जोडून द्या. पुष्कळ गावं त्यासाठी 5 टक्क्यांपर्यंत सूटही देतात. आकारणीविरुद्ध अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही. आधी भरा, मग भांडा. आधीच्या मालकाची थकबाकी घराला चिकटून येते, त्यामुळे विकत घेताना नोटरीपुढे शेवटच्या पावत्या मागाच.

कचरा कराबद्दल सध्या देशभर नाराजी आहे आणि तिचं कारण समजून घ्यायला हवं. 2022 च्या कचरा कायद्यानं (7/2022) प्रत्येक नगरपालिकेला एप्रिल 2025 पर्यंत स्वतंत्र कचरा शुल्क लावणं आणि त्यातून खर्च पूर्ण भरून काढणं भाग पाडलं. माद्रिदनं ते 2025 मध्ये नव्यानं लावलं. भाडेकरूंनी करार वाचावा: घरपट्टी आणि कचरा शुल्क भाडेकरूनं द्यायचं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते तुमच्याकडून घेता येतं.

पार्किंग-वाहतुकीचा दंड 20 दिवसांत भरला तर निम्मा होतो, पण निम्मा भरला की हरकतीचा रस्ता बंद होतो. दोन्हीतलं एक ठरवून घ्या.

मत नाही, पण आवाज आहे

भारतातून आलेल्या माणसाची पहिली सवय असते नगरसेवकाला गाठायची. इथे वॉर्डाचा नगरसेवक नाही. कोन्सेहाल, म्हणजे इथले नगरसेवक, अगदी लहान गावं सोडली तर पक्षाच्या बंद यादीतून संपूर्ण गावासाठी निवडून येतात, यादीला किमान 5 टक्के मतं लागतात, आणि जागा लोकसंख्येवर ठरतात: शंभरपर्यंत वस्तीच्या गावात 3, माद्रिदमध्ये 57. तुमच्या गल्लीचं उत्तरदायित्व कुणा एकावर नसतं. खातं ज्याच्याकडे, त्याला पत्र लिहायचं. महापौराचंही तसंच. महाराष्ट्रात कारभाराची सूत्रं आयुक्ताकडे असतात आणि महापौर बराचसा मानाचा. स्पेनमध्ये आल्काल्दे हाच कारभारी. त्याला नगरसेवक निवडतात. कुणालाच पूर्ण बहुमत मिळालं नाही तर सर्वाधिक मतांच्या यादीचा प्रमुख आपोआप महापौर होतो. कायदा आणि हिशेब तपासणारे सेक्रेतारियो आणि इन्तेर्वेन्तोर हे राष्ट्रीय परीक्षेतून आलेले अधिकारी असतात. "राजकारण्यांना करायचं आहे, पण इन्तेर्वेन्तोर सही करत नाही" असं ऐकलं तर ते बऱ्याचदा खरं असतं.

कामं का थांबतात याची दोन कारणं नेहमीची. नवा अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर 1 जानेवारीला जुनाच आपोआप पुढे चालू राहतो आणि नव्या कामांना तरतूद नसते. दुसरं, निवडणुकीचं वर्ष. पालिका निवडणुका दर चार वर्षांनी मे महिन्याच्या चौथ्या रविवारी होतात. मागची 28 मे 2023 ला झाली, पुढची मे 2027 मध्ये. जूनच्या मध्यावर नवी मंडळी येतात, लगेच उन्हाळा, आणि सप्टेंबरपर्यंत नवं काही हलत नाही. महत्त्वाचा अर्ज असेल तर तो मार्चच्या आत दाखल करा.

मतदान युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, आणि करार असलेल्या देशांच्या: नॉर्वे, न्यूझीलंड, कोलंबिया, पेरू, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि आणखी काही. भारताशी असा करार नाही. पोर्तुगीज पासपोर्ट असलेले गोंयकार मात्र संघाचे नागरिक आहेत. ते मत देऊ शकतात, उभेही राहू शकतात. त्यांनी पाद्रोनबरोबरच "मला मत द्यायचं आहे" असं निवेदन नगरपालिकेत देणं आवश्यक आहे, नाहीतर यादीत नाव येत नाही. हे पुष्कळ जणांच्या लक्षात मतदानाच्या आठवड्यात येतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

बाकीच्यांच्या हातातही थोडंथोडकं नाही. पाद्रोनवरचं तुमचं नाव गावाला केंद्राकडून मिळणाऱ्या निधीत आणि कोन्सेहालांच्या संख्येत मोजलं जातं. सर्वसाधारण सभा, म्हणजे प्लेनो, कुणीही जाऊन ऐकू शकतो. 20,000 वर वस्ती असेल तर ती दरमहा होते. सभेच्या मध्ये बोलता येत नाही, पण विरोधी पक्षाच्या कोन्सेहालला आठवडाभर आधी तुमचा आवक क्रमांक दिला तर तो "रुएगोस इ प्रेगुन्तास" या भागात प्रश्न विचारू शकतो, आणि त्याची इतिवृत्तात नोंद होते. नवीन नियम किंवा कराचा दर अंतिम होण्यापूर्वी किमान 30 दिवस हरकतींसाठी खुला ठेवतात. करांचे दर बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. तेव्हा संकेतस्थळावरचा सूचनाफलक पाहा आणि हरकत दाखल करा; तिला उत्तर द्यावंच लागतं.

काहीच हललं नाही तर

माहिती हवी असेल, उदाहरणार्थ कचऱ्याच्या ठेक्यात तुमच्या रस्त्यावर आठवड्यातून किती फेऱ्या लिहिल्या आहेत, तर 2013 च्या पारदर्शकता कायद्याखाली (19/2013) अर्ज करा. आपल्या माहिती अधिकारासारखाच हा मार्ग आहे. नागरिकत्वाची अट नाही, कारण सांगावं लागत नाही, उत्तराची मुदत एक महिना. ठेक्याची प्रत हातात आली की पुढच्या अर्जाचा सूरच बदलतो.

उत्तरच देत नसतील तर देफेन्सोर देल पुएब्लो, म्हणजे लोकपालाकडे जा. फुकट, वकिलाशिवाय, ऑनलाइन, कोणत्याही देशाच्या माणसाला. घटना कळल्यापासून एका वर्षात. काही प्रदेशांचा स्वतःचा लोकपाल आहे: काताल्युन्या आणि वालेन्सियात सिन्दिक दे ग्रेउजेस, बास्क प्रदेशात आरार्तेको, कानारी बेटांवर दिपुतादो देल कोमुन. त्याचे निष्कर्ष शिफारशीच असतात, पण नगरपालिकेला त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि महिनोन्महिने पडून राहिलेली फाइल या एका पत्रानं उघडते. आवक शिक्क्याच्या प्रती जोडल्याशिवाय तक्रार पाठवू नका. लोकपाल पहिल्यांदा तेच मागतो. अपिलाची मुदत त्यामुळे थांबत नाही, म्हणून फेरविचार अर्ज वेगळा द्या.

गाव बदललंत तर नव्या गावात नोंद करा, जुनी आपोआप निघते. भारतात कायमचे परतत असाल तर जाण्यापूर्वी पाद्रोनमधून नाव काढण्याचा अर्ज द्या, संपूर्ण काळाचा ऐतिहासिक दाखला काढून घ्या, घर विकलं असेल तर घरपट्टी-कचऱ्याची खाती नव्या मालकाच्या नावे झाली का ते पाहा, आणि मगच त्या पावत्यांसाठी जोडलेलं बँक खातं बंद करा.